गिरणीच्या दारातून आत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. भजनात टाळ धरण्यापलीकडे या व्यासपीठावर मी कधी चढलेली नाही. पण यंदा आपल्या चिटणीसबाईंनी ‘मी पाहिलेले एक ठिकाण’ असा विषय ठेवला आणि माझ्या नावाची चिठ्ठी निघाली. माझ्या आधी बोललेल्या भगिनींनी आपल्याला थेट केदारनाथला नेले, वेरूळची लेणी दाखवली. माझे ठिकाण तेवढे लांबचे नाही. आपल्या डोंबिवलीहून धीम्या गाडीने सव्वा तासाच्या आत करी रोड येते, तिथून पायी वीस मिनिटे. त्या भागाचे नाव लोअर परळ.

आता तुम्ही म्हणाल, लोअर परळला पाहण्यासारखे काय आहे? तर मैत्रिणींनो, हल्ली तिथे लोक मुद्दाम हिंडायला, खरेदीला आणि जेवायला जातात. मोठमोठे मॉल, परदेशी नावांची दुकाने, नाना तऱ्हेची उपाहारगृहे आणि चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास मजल्यांच्या इमारती! संध्याकाळी तिथली तरुण मंडळी पाहिली की आपण नाटकाच्या पडद्यामागे चुकून शिरलो की काय, असे वाटते. माझी लेक तिथेच एका कंपनीत हिशेबाच्या कामाला लागली आहे. पहिला पगार हातात पडला तेव्हा ती म्हणाली, “आई, तुला आणि आजीला मी एक दिवस बाहेर जेवायला नेणार. आधी फिरू, खरेदी करू, मग जेवू.”

मी तिला विचारले, “तुझे ऑफिस नेमके कुठे गं?” तिने त्या आवाराचे नाव सांगितले. मी हातातले पीठ तसेच परातीत सोडून बसले. कारण त्याच आवारात, त्याच गेटातून माझे वडील सत्तावीस वर्षे कामाला गेले होते. तेव्हा ती गिरणी होती. गिरणीचे नाव मी सांगत नाही, कारण नावाला आता काही अर्थ उरलेला नाही.

तरुण भगिनींसाठी थोडी मागची हकिकत सांगते. मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली. १८५४ साली कंपनी स्थापन झाली आणि दोन वर्षांनी गिरणी चालू झाली. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा, शिवडी असा सगळा भाग गिरण्यांनी भरून गेला, म्हणून त्याला गिरणगाव म्हणत. कोकणातून आणि घाटावरून माणसे यायची. वीस-वीस माणसे एका गाळ्यात राहायची. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. मग १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, पण हजारो माणसे गावी गेली ती परत आली नाहीत. काही गिरण्या पुन्हा चालू झाल्या, काही चालूच झाल्या नाहीत, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक सगळ्या बंद पडल्या.

संप सुरू झाला तेव्हा मी मांडीवर होते. वडिलांना दोन वर्षांनी पुन्हा कामावर घेतले. ते साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. लहानपणी मी दुपारचा डबा घेऊन गेटापर्यंत जायचे. आत जायला आम्हाला परवानगी नव्हती. गेटाच्या फटीतून आतले जे काही दिसेल ते दिसे, आणि सारखा धडधड आवाज येई. वडील घरी आले की मोठ्याने बोलत. साच्याच्या आवाजात ऐकू कमी येई, त्याची सवय. आत काय आहे ते पाहायची मला फार इच्छा होती, पण ती तशीच राहिली.

तर लेकीबरोबर जायचे ठरले. आदल्या रात्री ती हळूच म्हणाली, “आई, आजीला नऊवारी नको ना नेसवूस. चालायला त्रास होईल.” मी म्हटले, “आजी गेली पंचावन्न वर्षे नऊवारीत चालते आहे, तिला कसला त्रास?” ती गप्प बसली. मला तिच्या मनातले कळले, आणि तिचा रागही आला. पण त्या रागाचे खरे कारण मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळले. ते मी शेवटी सांगणार आहे.

शनिवारी सकाळी आम्ही करी रोडला उतरलो. माझी आई अजून भावाकडे डिलाईल रोडच्या चाळीतच असते. या रस्त्याला आता ना. म. जोशी मार्ग म्हणतात. कामगारांसाठी आयुष्य वेचणारे ते नारायण मल्हार जोशी. आई नऊवारी नेसून, केसांत अबोलीचा गजरा घालून दारात उभीच होती. लोअर परळ स्टेशनावरचा पूल २०१८ साली बंद केला होता, तो नवा बांधून २०२३ मध्ये पुरा खुला झाला. त्या पुलावरून आम्ही पलीकडे गेलो. पुलावर उभे राहून आई बोटाने दाखवू लागली, “हितं अमकी गिरणी, तितं तमकी.” तिच्या बोटाच्या टोकाला आम्हाला फक्त काचेच्या इमारती दिसत होत्या.

आधी आम्ही फिनिक्समध्ये गेलो. ही फिनिक्स मिल १९०५ सालची. आता तिथे फिनिक्स पॅलेडियम नावाचा भला मोठा मॉल आहे. आत शिरताना पिशवी तपासतात, त्याला घाबरू नये, सगळ्यांचीच तपासतात. आत थंडगार, आणि जमीन इतकी गुळगुळीत की आईने चपला काढून हातात घेतल्या. लेक म्हणाली, “आजी, घाल गं.” आई म्हणाली, “आगं, घसरून पडले तर तुझा समदा पगार हाडवैद्याला जाईल.” मागून येणाऱ्या दोन मुली हसल्या, पण चांगले हसल्या. त्यांतल्या एकीने आईचा हात धरून तिला सरकत्या जिन्यावर चढवले.

तिथे मोकळ्या चौकात गिरणीची जुनी चिमणी अजून उभी ठेवली आहे. तरुण मुले तिच्यासमोर फोटो काढून घेत होती. त्यांना ती शोभेची वाटत असेल. पूर्वी गिरण्या वाफेवर चालत. बॉयलरमध्ये दगडी कोळसा जाळायचा, त्या वाफेवर इंजिन, इंजिनावर पट्टे आणि पट्ट्यांवर सगळे साचे. धूर उंच जावा म्हणून चिमणी. १९१५ साली टाटांची खोपोलीची वीज मुंबईला आली, तेव्हापासून गिरण्या हळूहळू विजेवर गेल्या. चिमण्या मात्र राहिल्या. आईने चिमणीला लांबूनच नमस्कार केला. का केलास म्हणून मी विचारले नाही.

आता खरेदीचे सांगते, कारण भगिनींना त्याचीच उत्सुकता असणार. तिथे दुकानात कोणी “या ताई, काय दाखवू?” असे म्हणत नाही. आपणच हिंडावे, आपणच कपडा काढून पाहावा, आपणच परत ठेवावा. भाव कपड्याला टांगलेल्या चिठ्ठीवर असतो आणि घासाघीस अजिबात नाही. मला आधी अवघडल्यासारखे झाले. पण एक गोष्ट माझ्या वडिलांनी मला शिकवली होती, ती उपयोगी पडली. कापड दोन बोटांत धरून चुरगळायचे आणि सोडायचे. निव्वळ सुती असेल तर चुण्या राहतात. धागा मिसळीचा असेल तर ते लगेच सरळ होते. मग ते उजेडाकडे धरायचे. वीण सगळीकडे सारखी दिसली पाहिजे, कुठे धाग्याची गाठ किंवा विरळ पट्टा दिसता कामा नये. मी एक साधा पांढरा सदरा असा धरून पाहिला. भाव होता ४,९९० रुपये. वीण खरोखरच चांगली होती, खोटे कशाला बोलू? आतल्या चिठ्ठीवर लेकीने वाचले, बांगलादेशात तयार झालेला. ज्या जागेवर कापड विणून जगभर जात होते, तिथे आता दुसरीकडचे शिवलेले कपडे विकायला येतात. वडील असते तर म्हणाले असते, “विणणाऱ्याचा हात चांगला आहे.” देश कोणता, ते त्यांनी विचारले नसते.

पुढच्या दुकानात आईने एक पिशवी उचलली. जाड्याभरड्या, न धुतलेल्या, पिवळसर कापडाची, वर काहीतरी इंग्रजी छापलेले. भाव ८५० रुपये. आई मोठ्याने म्हणाली, “आगं पोरी, ह्ये तर मांजरपाट हाय! गिरणीतनं तुकडे आणून म्या अशा किती पिशव्या शिवल्या. डबे त्यातच जायचे.” दुकानातली मुलगी मराठीच निघाली. तिने आईला विचारले, “आजी, खरंच घरी शिवता येते?” मग आईने तिला तिथेच उभ्या उभ्या सांगितले की, मांजरपाट आधी रात्रभर पाण्यात भिजवायचे, म्हणजे त्यातली खळ निघते आणि शिवल्यावर आटत नाही, बंदाच्या टोकाला चौकोन घालून त्यात फुली मारायची, म्हणजे कितीही वजन घातले तरी उसवत नाही. मुलीने ते मोबाइलमध्ये लिहून घेतले. आम्ही काही विकत घेतले नाही. लेकीसाठी दोन रुमाल मी बाहेर रस्त्यावरच्या हातगाडीवर घेतले, ऐंशी रुपयांना दोन.

मग आम्ही त्या आवाराकडे निघालो. माझ्या पायांना रस्ता आपोआप आठवत होता. गेट आता रुंद झाले आहे आणि मोटारींची रांग आत जाते. बाजूने पायी जाणाऱ्यांची वाट आहे. लेक पुढे होती. तिने गळ्यातला पट्टा दाखवला आणि ती आत गेली. आमच्यापुढे रखवालदाराने हात आडवा केला आणि विचारले, “किधर जाना है?” त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती, विचारणे हे त्याचे कामच आहे. पण आई पटकन दोन पावले मागे सरली. पूर्वी गेटावर सरायची, अगदी तशीच. मला काय बोलावे ते सुचेना.

लेकीने वळून पाहिले. ती परत आली, तिने आजीचा हात धरला आणि रखवालदाराला म्हणाली, “ही माझी आजी आहे. हिच्या नवऱ्याने इथे सत्तावीस वर्षे काम केले आहे. आम्ही जेवायला चाललोय.” हे तिने मराठीत आणि चांगले मोठ्याने सांगितले. तिचे दोन ऑफिसातले मित्र शेजारून चालले होते, त्यांनीही ते ऐकले. रखवालदार उभा राहिला आणि म्हणाला, “आइए माँजी.” आदल्या रात्री नऊवारी नको म्हणणारी हीच मुलगी. मी आईचा दुसरा हात धरला आणि आम्ही तिघी गिरणीच्या दारातून आत गेलो. आई त्या दारातून पहिल्यांदाच आत जात होती, आणि मीही.

आत काय पाहिले म्हणाल, तर एका बाजूला काचेची उंच इमारत, आणि दुसऱ्या बाजूला जुन्या साचेखात्याची बैठी इमारत अजून शिल्लक आहे. तिचे छप्पर करवतीच्या दातांसारखे. अशा छपराच्या उभ्या बाजूला उत्तरेकडे काचा बसवतात. उत्तरेचे ऊन अंगावर येत नाही पण उजेड दिवसभर सारखा राहतो, म्हणून विणकराला धागा नीट दिसतो. हे मला वडिलांनीच सांगितले होते. आत हवा मुद्दाम दमट ठेवत, नाहीतर सूत तुटते. उन्हाळ्यात त्या दमट उष्म्यात आठ तास उभे राहायचे. आता त्याच छपराखाली गार हवेची यंत्रे लावून उपाहारगृह केले आहे. भिंतीच्या विटा उघड्या ठेवल्या आहेत, लोखंडी खांब काळे रंगवले आहेत. दिसते छान, मी नावे ठेवणार नाही.

जेवणाची यादी इंग्रजीत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. अक्षरे लागतात, पण पदार्थ लागत नाहीत. लेकीने वाचून दाखवले तेव्हा मौज वाटली. थालीपीठ होते, बाजूला लोणी आणि ठेचा, ४२० रुपये. आंबेमोहोर भात आणि डाळ, ४७५. बोराएवढे तीन वडापाव, ३४५. चहा १८० रुपये कप, त्याचे तीन कप ५४०. आम्ही हेच मागवले. थालीपीठ बरे होते, भाजणीत धने कमी होते. ठेचा आईने जिभेला लावला आणि म्हणाली, “ह्यो मिक्सरमधला हाय. खलबत्त्यातला न्हाई.”

जेवताना आई सारखी इकडेतिकडे पाहत होती. मला वाटले, वडिलांची आठवण येत असेल. म्हटले, “आई, काय गं?” ती म्हणाली, “टेबलं मोजतेय. अठ्ठावीस हायती. आन् वाढायला पोरं चौदा.” मग वाढणाऱ्या मुलाला तिने विचारले, “बाळा, तू जेवलास का?” तो विशी-बाविशीचा, साताऱ्याकडचाच निघाला. म्हणाला, “आमचं साडेचारला, आजी. गिऱ्हाईक संपल्यावर.” आईने आपल्या ताटलीतला वडापाव त्याच्यापुढे केला. त्याने घेतला नाही, घेता येत नाही असे म्हणाला. पण बडीशेप आणली तेव्हा तो आईच्या पाया पडला.

बिल आले २,०५६ रुपये. यात एक सांगण्यासारखे आहे, ते भगिनींनी लक्षात ठेवावे. पदार्थांचे झाले होते १,७८० आणि त्यावर दहा टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून १७८ लावले होते. लेकीने सांगितले की हा कर नव्हे. तो ग्राहकावर आपोआप लावू नये असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितले आहे आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते उचलून धरले. द्यायचा की नाही ही आपली खुशी. तिने नम्रपणे विचारले, त्यांनी लगेच काढून दिला. सरकारी कर पाच टक्के मात्र द्यावाच लागतो. बिल झाले १,८६९. वाचलेल्या पैशांतले शंभर रुपये लेकीने त्या मुलाच्या हातात दिले.

आता मी सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट सांगते.

मैत्रिणींनो, या मंडळात मी गेली अकरा वर्षे आहे. हळदीकुंकवाला बसल्यावर माहेरच्या गोष्टी निघतात. माझी आई काय करायची असे कोणी विचारले की मी म्हणत आले, “घरीच असायची.” हे खोटे आहे. माझी आई खाणावळ चालवत होती. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत अठरा माणसे जेवत. आई पहाटे साडेतीनला उठे, कारण पहिली पाळी सातची, आणि त्याआधी डबे तयार पाहिजेत. दिवसाला शंभरावर भाकऱ्या. रॉकेलसाठी रांग, पाण्यासाठी रांग. बुधवारी आणि रविवारी मटण, एरवी डाळ, कोरड्यास, सुकट. १९९० च्या सुमारास दोन वेळच्या जेवणाचा आमचा दर होता महिन्याला २२५ रुपये, आणि तो पगार झाल्यावर मिळायचा. म्हणजे आमच्या त्या एका जेवणाच्या बिलात तेव्हा एक माणूस आठ महिने जेवला असता. तेव्हाचा रुपया आणि आजचा रुपया एक नव्हे हे मला कळते, पण हिशेब मनात आल्याशिवाय राहिला नाही.

संपात आमचे जेवणारे गावी गेले. अकराजणांची बाकी वहीत राहिली. आईने कोणाला शिव्याशाप दिले नाहीत. पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली. मी पहिलीत असताना त्यांतला एकजण गावाहून तांदळाचे गाठोडे घेऊन आला आणि उंबऱ्यावर ठेवून गेला. पैसे नव्हते त्याच्याकडे. आईने वही काढली आणि त्याच्या नावावर रेघ मारली. बाकीची दहा नावे अजून तशीच आहेत. ती वही आईने टाकलेली नाही.

माझी शाळाही त्या खाणावळीतच संपली. १९९३ साली आईला विषमज्वर झाला. “चार दिवस शाळा बुडव, माणसं उपाशी ऱ्हातील,” म्हणाली. त्या चार दिवसांची मुदत कधी भरलीच नाही. सातवीचा निकाल आणायला वडील गेले होते. त्या गोष्टीची मला पुढे फार लाज वाटू लागली. लग्न होऊन इकडे आले तेव्हा शेजारणी शिकलेल्या, कोणी बँकेत, कोणी शाळेत. मग ‘आई खाणावळवाली’ हे तोंडातून निघेना. सोपे म्हणून ‘घरीच असायची’ म्हणू लागले, आणि तेच रुळले. लेकीलाही मी नीट कधी सांगितले नाही. म्हणून ती नऊवारी नको म्हणाली तेव्हा मला राग आला, आणि नंतर कळले की ही लाज तिने कुठून उचलली. घरातूनच, माझ्याकडून.

गिरणगावात अशा खाणावळवाल्या हजारो होत्या. त्यांना कोणी कामगार म्हणत नसे. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवावे, बँकेचे कर्ज मिळवून द्यावे म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. प्रेमाताईंना पुढे पद्मश्रीही मिळाली. माझी आई त्या मंडळाच्या सभांना जात असे. तेव्हा मी म्हणायची, “मंडळात जाऊन काय मिळतं?” आज मी स्वतः मंडळाच्या व्यासपीठावर उभी आहे.

परत निघताना आईने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि त्यातला एक घडी घातलेला कागद लेकीला दाखवला. गिरणी कामगारांच्या घरासाठी वडिलांनी भरलेल्या अर्जाची ती पावती. १९९१ सालच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते. एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी, एक मालकांसाठी. २००१ साली नियम बदलला आणि ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढीच वाटणीत धरली गेली; २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. त्यामुळे वाटणीला फारच थोडी जमीन आली. २०१२ साली पहिली मोठी सोडत झाली, ६,९२५ घरांची. अर्ज सुमारे दीड लाख होते. पुढेही सोडती झाल्या. आमचे नाव लागले नाही. वडील २०१३ मध्ये गेले. आता शेलू-वांगणीकडे घरे देण्याची गोष्ट निघाली आहे, आणि पुष्कळ कामगार मुंबईतच घर द्या म्हणून अडून बसले आहेत. आई म्हणाली, “मला घर नगं आता. पर ह्यो कागद टाकू नका. त्यांनी स्वतःच्या हातानं सही केलीया.” लेकीने त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि कागद परत घडी घालून आजीच्या पुरचुंडीत ठेवला.

तुम्हांपैकी कोणी तिकडे जाणार असेल तर चार गोष्टी सांगते. सुट्टीच्या संध्याकाळी जाऊ नका, गर्दी फार. सकाळी अकराच्या सुमारास जा. पाणी मागताना साधे पाणी म्हणून मागा, नाहीतर बाटली येते आणि तिचे पैसे पडतात. यादी कळली नाही तर विचारा, न कळण्यात कमीपणा नाही. आणि आत बसण्याआधी बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे ते पाहून ठेवा. याच भागात कमला मिलच्या आवारात २८-२९ डिसेंबर २०१७ च्या रात्री उपाहारगृहाला आग लागून चौदा माणसे गेली, त्यांत तरुण मुलीच पुष्कळ होत्या.

तिथे जाऊ नका असे मी म्हणणार नाही. माझ्या लेकीला तिथे काम मिळाले आहे, त्या वाढणाऱ्या मुलालाही मिळाले आहे. गिरणी असती तरी माझी लेक साच्यावर उभी राहिली असती असे थोडेच आहे? पण जाल तेव्हा करवतीचे दात असलेले छप्पर दिसते का पाहा, आणि मुलाबाळांना ते कशासाठी होते ते सांगा.

एक शेवटचे. पुढच्या महिन्याच्या हळदीकुंकवाला माझी आई येणार आहे. आपल्या मंडळाच्या स्वयंपाकाच्या समितीला तिने निरोप दिला आहे की शंभर माणसांच्या पिठल्या-भाकरीचा अंदाज ती सांगेल, पीठ किती, बेसन किती, सगळे. तिची ओळख करून देताना चिटणीसबाईंनी ‘गिरणगावात खाणावळ चालवणाऱ्या’ असे सांगावे, अशी माझी विनंती आहे.